अमेरिकन कादंबऱ्यांचा 'सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ' अभ्यासायचा म्हणजे नक्की काय करायचं?

गूळ_अडत (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीत हिशेबाला आहे, आणि बाहेरून एम.ए. इंग्रजी करतोय. अमेरिकन साहित्याच्या पेपरला ट्वेनची 'हकलबेरी फिन' आणि स्टाइनबेकची 'ग्रेप्स ऑफ रॉथ' आहे. गाईडात दोन्हींच्या आधी 'संदर्भ' म्हणून नुसत्या सनावळ्या दिल्यात. १८६१ यादवी युद्ध, १८६५ गुलामगिरी बंद, १९२९ मंदी. पाठ कर की, सुटलास, असं दोस्त म्हणतात. पण सनावळी एकीकडं आणि गोष्ट दुसरीकडं, असं होतंय. आधी इतिहास वाचू की कादंबरी? आणि हकची ती बोली! दोन पानांत दम निघतो.

कागलच्या_बाई

दादा, आधी कादंबरी. अडाल तिथे इतिहास उघडायचा. सनावळ्या पाठ करून लिहिलेली उत्तरं मी गठ्ठ्यांनी तपासलीत, सगळी एकाच गाईडाची पोरं. बोलीसाठी मोठ्यानं वाचा, दुकान बंद झाल्यावर. डोळ्यांना अडतं ते कानाला कळतं.

तुम्ही हिशेबाचे, तर एक वही घाला. 'हक फिन'मध्ये जिथे डॉलर येईल तिथे आकडा टिपायचा आणि समोर लिहायचं, कुणाचे, कशापायी. गोष्ट सांगणारा पोरगा हक, त्याचे ६,००० जज थॅचरकडे व्याजानं आहेत. जिम हा मिस वॉटसनचा गुलाम. तो पळतो, कारण तिला त्याचे ८०० येत होते आणि त्याला खाली न्यू ऑर्लिन्सकडे विकायचं घाटत होतं. हकचा खून झाला असं गाव समजतं. संशय दोघांवर, पण जिमला धरून देणाऱ्याला ३०० आणि हकच्या दारुड्या बापाला धरून देणाऱ्याला २००. पुढे तो 'राजा' म्हणवणारा भामटा जिमच्या बक्षिसावरचा आपला हक्क ४० डॉलरला विकून मोकळा होतो. आणि शेवटी हकचा दोस्त टॉम सॉयर, जिमला हौसेखातर कोंडून ठेवून झाल्यावर, मुकाट बसलास म्हणून जिमच्या हातावर किती ठेवतो? ४०च. ट्वेननं हा आकडा उगाच दोनदा आणला असेल, हे मला पटत नाही.

मग नकाशा घ्या. घरात नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा. गोष्ट सुरू होते ते मिसूरी गुलामीचं राज्य, मिसिसिपी नदीच्या पलीकडे इलिनॉय मुक्त. मग जिम सरळ पलीकडे जाऊन सुटत का नाही? इथे अडलात की कायदा उघडा. पळालेला गुलाम मुक्त राज्यात गेला तरी मालकाचा हक्क सुटत नसे आणि धरून देणारे तिथेही होते. म्हणून हक आणि जिमचा तराफ्यानं कैरोपर्यंत (ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथलं गाव) जाऊन ओहायो नदीनं वर, मुक्त राज्यांकडे सरकायचा बेत. धुक्यात कैरो हुकतं आणि तराफा आणखी दक्षिणेला, गुलामीच्या मुलखात वाहत जातो. गाईडातलं अख्खं पान त्या धुक्याच्या प्रकरणात आहे.

एक गोष्ट मात्र सनांचीच. काळ दोन आहेत, ते वेगळे ठेवा. गोष्ट घडते १८३०-४०च्या सुमाराची. पुस्तक आलं इंग्लंडात १८८४ला, अमेरिकेत १८८५ला. तोवर गुलामगिरी जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि १८७७मध्ये केंद्र सरकारनं फौज मागे घेऊन दक्षिणेतून हात काढून घेतल्यावर काळ्या माणसाचं स्वातंत्र्य बरंचसं कागदावर उरलं होतं. आता शेवटची प्रकरणं वाचा. जिम मृत्युपत्रानं मोकळा झालाय, टॉमला ते ठाऊक आहे, तरी तो त्याला बांधलेलाच ठेवतो. पुष्कळांना हा भाग रटाळ वाटतो. मलाही तिथे टॉमला एक ठेवून द्यावीशी वाटते! पण १८८५च्या वाचकाच्या जागी बसून बघा.

शिरोळ_ऊसपट्टा

बाई, स्टाइनबेकला एवढी खटपट कशाला? गळीत सुरू झालं की मराठवाड्यातनं बैलगाड्या नि ट्रॅक्टर भरून टोळ्या येतात आपल्याकडं, तेच की 'ग्रेप्स ऑफ रॉथ'मधलं जोड आडनावाचं कुटुंब. पालं तीच, पोरंबाळं तीच.

कागलच्या_बाई

दिसायला तेच हो, पण पैसा उलटा फिरतो. आपल्याकडची टोळी मुकादमाची उचल घेऊन येते. ती अंगावरची बाकी तिला बांधून ठेवते. ओक्लाहोमातून ६६ नंबरच्या रस्त्यानं निघालेल्या जोडांना कुणी दमडी दिलेली नाही. कसायची जमीन सुटली, घरावर ट्रॅक्टर आला, आणि हातात एक छापील पत्रक, कॅलिफोर्नियात मजूर पाहिजेत. लागतात त्याच्या कैक पट माणसं गोळा झाली की मजुरी आपोआप पडते. पीचच्या मळ्यात पेटीला ५ सेंट, संप मोडल्यावर अडीच. इथं मजूर हातचा जाऊ नये म्हणून आगाऊ पैसे आणि तिथं मजुरांचा महापूर. साम्य एका ओळीत उरका, हा फरक पानभर लिहा.

आणि गूळवाले दादा, त्याच मळ्यातल्या दुकानाचा प्रसंग सोडू नका. बाहेरच्यापेक्षा चढा भाव, उधारी बंद. जोडांच्या आईला दहा सेंटची साखर कमी पडते. टोमणे मारणारा तो गुमास्ता शेवटी स्वतःच्या खिशातले दहा सेंट गल्ल्यात टाकून साखर देतो. मालक नाही, पगारी माणूस. तुम्ही ते आमच्यापेक्षा बरं लिहाल.

बिंदू_चौक_वाचक

फुल्यांनी 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलीय. हे पेपरात घातलं तर?

कागलच्या_बाई

जरूर घाला, पण साल लावून. अर्पण १८७३चं, दक्षिणेतून हात काढून घेण्याच्या आधीचं. 'हक फिन' त्यानंतरची.

गूळ_अडत

बाई, वही घातली. ८००ला आलोय. ते मिस वॉटसनच्या खात्यात दाखवू ना?

कागलच्या_बाई

आठव्या प्रकरणाचा शेवट बघा. जिम म्हणतो, मी आता माझ्या मालकीचा, म्हणजे ८०० डॉलरचा धनी झालो. ते रोख हातात असते तर आणखी काही मागितलं नसतं. त्याच्याच खात्यात घाला.