मदत हवी आहे: कार्बन डायऑक्साइड वाढला की गवताखालच्या जमिनीत ओल खरंच टिकते का?

नमस्कार मंडळी,

गवताळ प्रदेशांवर एक लेख लिहायला घेतलाय आणि मधेच अडकलोय. वनस्पतिशास्त्र किंवा मृदाशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया वाट दाखवावी.

औद्योगिक क्रांतीआधी हवेत हा वायू साधारण २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८० भाग) होता, आता ४२० च्या वर गेलाय. पान तो पर्णरंध्रांतून, म्हणजे आपल्या बारीक छिद्रांतून, आत घेतं आणि तिथूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेत वायू मुबलक असला की रंध्रं थोडी मिटली तरी पानाचं भागतं. म्हणजे बाष्पोत्सर्जन कमी आणि मातीत ओल जास्त. इथपर्यंत कळलं.

घोळ पुढे आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार गवतांचे सी-३ आणि सी-४ असे दोन गट पडतात. सी-३ गवतांना जादा वायूचा थेट फायदा होतो. सी-४ गवतं तो पानाच्या आत एकवटून, दाट करून वापरतात, त्यामुळे त्यांना फारसा फरक पडू नये. पण अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये कोरड्या कुरणावर उघड्या हवेत वायू ६०० पीपीएमपर्यंत नेला, शिवाय दिवसा दीड आणि रात्री तीन अंशांनी ऊब दिली, तेव्हा बहरली ती सी-४ गवतं! असं का? आणि पानं वाढली तर वाचलेलं पाणी तीच पिऊन टाकणार नाहीत का?

या दोन्हींचं उत्तर नीट समजल्याशिवाय लेख पुढे न्यायची इच्छा नाही. गवताळ प्रदेशांबद्दल आधीच कमी लिहिलं जातं, त्यात अर्धवट काही जायला नको.

रानगवत:
चांगला प्रश्न. रंध्रं सी-४ गवतांचीही मिटतात, हे आधी लक्षात घ्या. त्यांची प्रकाशसंश्लेषणातली थेट कमाई थोडी, पण पाण्याची बचत होतेच. कोरड्या मुलखात वाढ अडते ती पाण्यावाचून, त्यामुळे तिथे ही बचतच निर्णायक ठरते. वायोमिंगमध्ये नुसत्या उष्णतेने माती सुकत होती आणि वाढलेल्या वायूने ती तूट भरून काढली. सी-४ गवतांना ऊन मानवतंच. ऊब मिळाली, ओलही टिकली, मग ती मागे का राहतील?

तुमची दुसरी शंका रास्त आहे. एका पानावर मोजलेली बचत आख्ख्या कुरणात तेवढी दिसत नाही. पानांचा पसारा वाढला की एकूण बाष्पोत्सर्जन पुन्हा चढतं. दुसरं म्हणजे रंध्रं मिटल्यावर पान तापतं, भोवतालची हवाही जास्त कोरडी होते आणि त्यामुळे वाफेचा ओढा वाढतो. शिवाय विरळ गवतात उघड्या मातीवरून पाणी उडतं ते वेगळंच.

वेळही पाहा. पाऊस चालू असताना फरक जेमतेम असतो. तो ठळक होतो पाऊस थांबून माती सुकू लागते त्या दिवसांत. मात्र दुष्काळ कडक झाला की रंध्रं तशीही मिटलेलीच असतात, मग जादा वायूने वाचवायला काही उरत नाही. जर्मनीत गीसन इथल्या कुरणावर १९९८ पासून वायू वाढवण्याचा प्रयोग चालू आहे. तिथेही फार टोकाच्या हवामानात वायूचा लाभ आटलेला दिसला.

धागाकर्ता:
मनापासून आभार! म्हणजे "ओल टिकते" हे वाक्य एकटं लिहून चालणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात जादा वायू देऊन केलेल्या दीर्घ प्रयोगाचं काय पण? तिथे पहिली १२ वर्षं सी-३ गवतांना फायदा झाला, पुढची ८ वर्षं सी-४ ना. पाण्याने हे उलगडतं का?

मातीतला माणूस:
तिथे नत्राकडे बघा. त्या रेताड जमिनीत नत्र मुळातच कमी. जादा वायू दिलेल्या वाफ्यांत मातीतून मोकळं होणारं नत्र काळानुसार बदलत गेलं, सी-४ खाली वाढलं आणि सी-३ खाली घटलं. झाडोऱ्याची वाढ बरीचशी त्याच वळणाने गेली. स्वित्झर्लंडमधल्या दीर्घ प्रयोगातही नत्र कमी दिलेलं रायगवत (चाऱ्याचं एक गवत) जादा वायूने फारसं वाढलं नाही, पांढऱ्या क्लोव्हरने (चाऱ्याची एक वनस्पती) मात्र साथ दिली, कारण ते डाळींसारखं शेंगवर्गीय असल्याने आपलं नत्र हवेतून मिळवतं.

पाणी आणि नत्र वेगळे काढताच येत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातल्या प्रयोगात उन्हाळी पावसाने वायूचा लाभ वाढला, तर वसंत आणि शरदातल्या पावसाने तो घटला, बहुधा तेव्हा नत्र कमी पडल्याने. वर्षाचा एकूण पाऊस बघून हे कधीच दिसलं नसतं. लेखात हे जरूर घ्या, माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

रानगवत:
एक भर. कुरण हिरवं दिसलं म्हणजे चारा सुधारला असं लिहू नका. वाढ जास्त होते तेव्हा पानातलं नत्र विरळ होतं, म्हणजे प्रथिनं कमी. अमेरिकेतल्याच कोलोराडोत १९९७ ते २००१ मध्ये एका कुरणावर वायू जवळपास दुप्पट ठेवला. मातीत ओल वाढली, चाराही वाढला, पण त्याची पचनीयता घटली. आणि दवण्याच्या वंशातलं एक बुटकं झुडूप सुमारे ४० पट वाढलं, जे गुरं सहसा टाळतात.

धागाकर्ता:
४० पट! झुडपालाच एवढा लाभ का? त्याची मुळं खोल जातात म्हणून?

मातीतला माणूस:
तेही एक कारण असू शकतं. गवताच्या मुळांचं जाळं बहुतेक वरच्या थरात असतं. त्याने पाणी कमी उचललं की उरलेलं खाली झिरपतं आणि सोटमूळवाल्या झाडोऱ्याच्या हाती लागतं. म्हणून ओलाव्याचे आकडे देताना खोली आणि पावसानंतर किती दिवसांनी मोजलं, हे दोन्ही लिहा. वरच्या थराची ओल आणि मीटरभर खालची ओल यांचा लाभ वेगवेगळ्या वनस्पतींना होतो.