गरोदर मुलीला बाळंतपणाची सिरीयल दाखवावी की नाही? घरात भांडण लागलंय

अबोली_फोंडा
वहिनीला सातवा महिना चालू आहे. गेल्या आठवड्यात मी तिला ती कोरियन सिरीयल लावून दिली, 'बर्थकेअर सेंटर', 2020ची, आठच भाग. कंपनीतली सगळ्यात तरुण बडी अधिकारी असलेली बाई बाळंत होते, मग तिकडे बाळंतिणींसाठी पैसे भरून राहायची केंद्रं असतात त्यातल्या एकात जाते आणि तिथे मात्र ती सगळ्यात वयस्कर आई ठरते. पहिल्याच भागात कळा देता देता बाई मरणाच्या नदीवर जाऊन परत येते, म्हणजे विनोदीच केलंय ते, पण वहिनी आधी हसली मग गप्प झाली आणि रात्रभर झोपलीच नाही. सकाळी आई माझ्यावर, "तुका पिशें लागलां? गुरवार बायलेक असलें दाखयतात?" म्हणजे वेड लागलंय का, गरोदर बाईला असलं दाखवतात का.

मी म्हणते दाखवायलाच पाहिजे. आपल्या मालिकांमध्ये काय असतं, सासरे बाहेर येरझारा घालतायत, आतून एक किंकाळी, टँहा, नर्स हसत बाहेर, आणि पुढच्या एपिसोडला बाई पैठणी नेसून बारशाला उभी, पोट सपाट. मधला सव्वा महिना कुठे गेला? तुम्हाला काय वाटतं?

म्हापश्याचो_बाब
आईचं बरोबर आहे. बायकोच्या वेळी तिने मोबाइलवर एवढं काय काय बघून ठेवलं होतं की नवव्या महिन्यात डॉक्टरला म्हणाली, मला कळा नकोतच, सरळ कापा. आधीच देशात 2019-21च्या सरकारी पाहणीत शंभरातली 21-22 बाळंतपणं सिझेरियन, आपल्या गोव्यात तो आकडा 40च्या जवळ. त्यात अजून भीती घाला. खरं दाखवायचं तर बाळंत झाल्यावर दाखवा, आधी कशाला?

रातपाळी
बाब, लेबर रूममध्ये अकरा वर्षं काढलीत म्हणून बोलते. सिझेरियन वाढायला सिरीयल कारण नाही, त्याची कारणं वेगळी आणि त्यावर इथे बोलले तर रात्र पुरणार नाही. पण सगळ्यात जास्त घाबरते कोण माहितीये? जिला काहीच माहीत नसतं ती. सिनेमात पाणी जातं आणि दोन मिनिटात पोर हातात. पहिलटकरीण तेच डोक्यात घेऊन येते, तपासलं तर गर्भाशयाचं तोंड दोनच सेंटीमीटर उघडलेलं असतं, अजून बारा तास सुद्धा लागू शकतात असं सांगितलं की चेहरा बघवत नाही. बाहेर आई विचारते, "अजून कसें ना गो?" आणि हिला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. एनिमा, केस काढणं, दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन हात घालून बघणं, हे आधी ऐकलेलं असलं ना तर निदान लाज तरी कमी वाटते. त्या बाईची पहिल्या भागात जी फजिती होते ती बघून आम्ही नर्सेस पोट धरून हसलो होतो कारण शंभर टक्के तसंच असतं.

दिवाडची_आजी
नातीने टाइप करून दिलंय. आमच्या वेळी हे केंद्र बिंद्र नव्हतं. घरी वयजीण, म्हणजे सुईण यायची, आणि अडलंच तर रात्री फेरीबोटवाल्याला उठवायचं, दिवाडी बेट ना, आज पण पूल नाही मरे. बाळंतिणीला उकड्या तांदळाची पेज, मेथी, आळीवाची खीर, अंगाला तेल, कढत पाण्याची आंघोळ, मग खाटेखाली शेगडी आणि ओवा शेपाची धुरी. सटीला पाचवीला घर भरलेलं. बाळंतीण एकटी पडायचीच नाही. कोरियातल्या बायका पैसे देऊन जे विकत घेतात ते आम्हाला माहेरी फुकट मिळत होतं. आणि वाईट बघायचं बोलायचं नाही ही पद्धत होती त्याला काही अर्थ होता.

पाटो_ऑफिस
आजी, राग मानू नका, पण फुकट कसं? तुमच्या आईने राबून दिलं म्हणून. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, ती मलाच धरून जिना उतरते, ती कुठून देणार शेगडी. बाई ठेवली, ती दोन तास येऊन जायची. मे महिना, अंगाचं पाणी पाणी होतंय आणि पंखा बंद, खिडकी बंद, डोक्याला कानावरून रुमाल, कारण "वारो लागतलो". एकटी पडले नव्हते हे खरं, खोलीत कायम चार जणी असायच्या, पण सगळ्यांचे डोळे बाळावर आणि प्रश्न एकच, दूध येतंय का, पुरतंय का, रडतो का मग. मला कोणी विचारलं नाही की टाके दुखतात का. रात्री तीनला तो रडायचा, मग मी रडायचे, आणि पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंय पोंय ऐकू आला की कळायचं सकाळ झाली, अजून एक रात्र गेली. आज पण तो भोंपू ऐकला की पोटात गोळा येतो.

तीनचार दिवसांनी रडू येतं आणि पंधरा दिवसांत ओसरतं हे नॉर्मल, पण माझं महिना दीड महिना झाला तरी ओसरेना. खूप उशिरा एका डॉक्टरने दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला असतो, एडिंबरो स्केल म्हणतात, 1987पासून वापरात आहे. दहा प्रश्न फक्त! ते विचारायला घरात दारात हॉस्पिटलात कोणाला सुचलं नाही. ही सिरीयल तेव्हा असती तर निदान कळलं असतं की असं होणारी मी एकटी नाही. माझ्यासाठी खरी भीती कळांची नव्हतीच, नंतरची होती, आणि तेच कोणी दाखवत नाही.

म्हापश्याचो_बाब
तुमचं झालं ते वाईटच झालं, पण मग सिरीयलमधली ती लग्न न केलेली मुलगी, लुदा, ती सरळ म्हणते मी पावडरचंच दूध देणार आणि बाकीच्या आयांना मागास ठरवते, ते पण दाखवायचं का वहिनीला? पहिल्या तासात चीक द्या, सहा महिने अंगावरचंच द्या असं सगळे डॉक्टर ओरडून सांगतात. आपल्याकडे 1992च्या कायद्याने पावडरच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, आणि इथे तीच जाहिरात स्वातंत्र्य म्हणून, म्युझिक लावून.

पाटो_ऑफिस
जाहिरात?? तुम्ही पूर्ण बघितली का? त्याच केंद्रात अंगावरच्या दुधाची राणी पण आहे ना, जुळ्यांवर तिसरं झालेली, सगळ्या तिच्या मागे पुढे करतात, आणि आतून ती किती एकटी आहे ते सिरीयल दाखवते. कोणाचीच बाजू घेत नाही ती. पुरुषाला बरोबर पावडरचा डबाच दिसला.

म्हापश्याचो_बाब
पाच भाग बघितले. रात्री पोराला खांद्यावर घेऊन फिरवता फिरवता. पुरुषांना बोलायचंच नाही का मग?

रातपाळी
बोला की, पण चीक आणि शिक्षा यात फरक आहे. चीक पहिल्या तासात, शंभर टक्के, आजी लोकांना पण सांगते की तो पिवळा म्हणून पिळून टाकू नका आणि मध चाटवू नका, वर्षाच्या आत मध नकोच. पण ज्या बाईला दूध उतरत नाही तिच्यासमोर उभं राहून "आमकां कशें येतालें" म्हटलं की जे थोडं येतंय ते पण आटतं. बाळाला नीट धरवून दाखवा, पाठीला उशी द्या, तिला तासभर झोपू द्या. उपदेश नको.

दिवाडची_आजी
चीक आम्ही टाकायचो. खरं सांगते. वयजीण सांगायची म्हणून. माझ्या पहिल्याचा मी तीन दिवस टाकला.

अबोली_फोंडा
आजी ❤️
बरं, माझं पण चुकलं ते कबूल करते. लावून दिली आणि मी माझ्या खोलीत जाऊन झोपले, बरोबर बसायला पाहिजे होतं. पण बाब, ती घाबरून डॉक्टरकडे "कापा" म्हणून नाही गेली. दुसऱ्या दिवशी तिने कागद घेतला आणि प्रश्न लिहायला बसली. नवऱ्याला आत घेतात का, दुखणं कमी करायचं इंजेक्शन मिळतं का, रात्री कोण असतं. दादा नुसता बघत बसला, सात महिन्यात त्याला एक प्रश्न सुचला नव्हता. आई अजून माझ्याशी बोलत नाहीये, पण काल जेवता जेवता म्हणाली, "त्या बायलेक मागीर दूध आयलें?" म्हणजे हॉलमधून बघत होती!! रातपाळी, त्या कागदावर अजून काय लिहायला सांगू?

रातपाळी
भूलतज्ज्ञ रात्री हॉस्पिटलात असतो की घरून बोलवावा लागतो ते पहिलं विचारा, पाठीतलं इंजेक्शन त्याच्यावर अवलंबून. नवरा आत चालतो का हे आजच विचारा, आयत्या वेळी दारात भांडू नका. बाळाला पहिल्या तासात अंगावर देतात का. घरी गेल्यावर रात्रीचं कोण उठणार ते दादाकडून लिहून घ्या, सही सकट. आणि मोबाइलचा चार्जर लांब वायरचा आणा, प्लग कायम खाटेच्या चुकीच्या बाजूला असतो.