‘स्केल’, ‘पट्टी’ की ‘स्वरस्थान’: कीबोर्डवरील एका पर्यायाचे नाव

प्रश्न :
आमच्या संगीतवर्गातील इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. त्याच्या पडद्यावर ‘ट्रान्सपोज’, ‘मास्टर ट्यून’ आणि ‘स्केल ट्यून’ असे तीन पर्याय दिसतात. तिसऱ्यासाठी मी ‘पट्टी लावणे’ असे लिहिले होते. काळी चारमध्ये गाणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपली पट्टी मिळेल या समजुतीने तोच पर्याय उघडला, त्यातील अरबी रचना निवडली आणि पांढरी एकपासून भूप वाजवायला घेतला. पट्टी तर बदलली नाहीच, पण गंधार ना शुद्ध राहिला ना कोमल. चूक तिची नसून माझ्या शब्दाची आहे, हे मान्य आहे. मग योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १ :
घोळाचे मूळ ‘स्केल’ या शब्दातच आहे. पेटीच्या प्रत्येक काळ्या-पांढऱ्या फळीला आपण पट्टी म्हणतो. ज्या पट्टीवर षड्ज धरायचा तिच्या नावानेच गायकाची उंची सांगण्याची रीत पडली आणि ‘माझी पट्टी काळी एक’ असे आपण बोलू लागलो. याच अर्थाने ‘आपले स्केल कोणते?’ असेही सर्रास विचारले जाते. (शाळेच्या दप्तरातही पट्टी आणि स्केल एकच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) म्हणून ‘पट्टी’ हा शब्द षड्जाची उंची बदलणाऱ्या ट्रान्सपोजसाठी राखून ठेवावा. मास्टर ट्यूनमध्ये सगळेच स्वर एकसारखे वर किंवा खाली सरकतात, उदाहरणार्थ ४४० हर्ट्‌झऐवजी ४४२. स्केल ट्यूनमध्ये मात्र षड्ज जागेवर राहून बाकीच्या स्वरांची त्याच्यापासूनची अंतरे बदलतात. या तिन्ही क्रियांना एकच क्रियापद लावले, तर वाचक फसणारच.

प्रश्नकर्ता :
मग ‘श्रुती लावणे’ म्हणावे का? पर्याय तर त्याचसाठी आहे.

प्रतिसाद २ :
माझी त्यास हरकत आहे. कर्नाटक संगीतात ‘श्रुती’ म्हणजे आधारस्वर, ‘श्रुतीबॉक्स’ हे नावही त्याच अर्थाचे, म्हणजे तिकडच्या वाचकाला पुन्हा पट्टीच आठवेल. आपल्याकडे श्रुती म्हटले की सप्तकात बावीस सूक्ष्म स्वर मानण्याचा हिशेब समोर येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही घडवून घेतली. परंतु कीबोर्डच्या या पर्यायात बावीस स्वर मिळत नाहीत. सप्तकातील बारा पट्ट्यांपैकी प्रत्येकीला थोडे वरखाली सरकवता येते, इतकेच. मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामायिक संकेतप्रणालीच्या) एका प्रमाणित पद्धतीत ही मुभा वजा ६४ ते अधिक ६३ सेंट असते, आणि शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर.

‘मेळ’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच सांगतो की तोही नको. मेळ किंवा थाट म्हणजे कोणते स्वर घ्यायचे याची निवड. येथे स्वर तेच राहतात आणि त्यांची जागा तेवढी हलते. जागेसाठी आपल्याकडे ‘स्वरस्थान’ हा रुळलेला शब्द आहे, आणि तंबोरा ‘लावतात’, गंधार ‘लावतात’, तेव्हा क्रियापदही तयारच आहे. म्हणून ‘स्वरस्थाने लावणे’ असे लिहावे.

प्रतिसाद १ :
सहमत. फरक नेमका किती, हे टिपणात दाखवले तर शब्दाचा अर्थ वाचकाच्या कानालाच पटेल. काळी एकवर षड्ज धरून तंबोरा चालू करावा आणि त्याच सप्तकातील गंधार लांब, न थरथरणाऱ्या आवाजात दाबून ठेवावा. तंबोऱ्याच्या षड्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो, तर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या कीबोर्डचा गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे १४ सेंट चढा. मंद्रातील काळी एक १३८.६ हर्ट्‌झची धरली, तर या दोहोंच्या टकरीतून सेकंदाला सुमारे साडेपाच लाटा ऐकू येतात. गंधार १४ सेंट उतरवताच त्या लाटा शांत होतात. पंचमाला मात्र असे काही जाणवत नाही, कारण त्याचा फरक जेमतेम दोन सेंटांचा आहे. धैवत आणि निषाद पुन्हा चढेच निघतात, अनुक्रमे सुमारे १६ आणि १२ सेंटांनी.

प्रश्नकर्ता :
करून पाहिले. गंधार बसला, पण काळी चारवर षड्ज घेताच सगळेच बिघडले.

प्रतिसाद २ :
साहजिक आहे. ही योजना पट्ट्यांना चिकटलेली असते, षड्जाला नव्हे. म्हणून त्याच पडद्यावरील आधारस्वराच्या जागी काळी चार निवडावी लागते. त्या खान्याला टिपणात ‘षड्जाची पट्टी’ म्हणावे, आणि येथे ‘पट्टी’ हा शब्द अगदी योग्य आहे. दुसरे असे की एकदा लावलेली स्वरस्थाने सर्व रागांना चालतील असे समजू नये. शुद्ध ऋषभच षड्जापासून २०४ आणि १८२ सेंट अशा दोन जागी धरण्याचा हिशेब आहे, आणि पंचमाशी नेमका जुळतो तो पहिला. भैरवाचा आंदोलित कोमल ऋषभ तर कोणत्याही आकड्यावर स्थिर बसत नाही. त्यासाठी वाजता स्वर वरखाली ओढणारे पिच बेंडचे चाकच हाताशी असावे.

प्रश्नकर्ता :
टिपणातील ओळ आता अशी केली आहे : ‘ट्रान्सपोज : पट्टी बदलणे. मास्टर ट्यून : सर्व स्वर एकत्र चढवणे-उतरवणे. स्केल ट्यून : स्वरस्थाने लावणे, आधी षड्जाची पट्टी निवडावी.’ अरबी रचनेपुढे ‘गंधार व निषाद अर्धवट उतरलेले’ असा इशाराही घातला आहे.