चर्चिलच्या अस्वलाच्या किती जवळ जायचं?

उत्तरवारा: नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर लांब राहण्याचा नियम केलाय, १ मार्च ते ३० जून तर ५०० मीटर. कॅनडातल्या चर्चिल गावी मात्र टुंड्रा बग्गीच्या, म्हणजे पर्यटकांना फिरवणाऱ्या उंच, मोठ्या चाकांच्या गाडीच्या, मागच्या सज्जाला जाळीची जमीन असते आणि अस्वल खालून येऊन पर्यटकांचे बूट हुंगतं. हे थांबायला हवं. हडसन उपसागरावरचा बर्फ वितळला की ही अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास तो गोठेपर्यंत जवळपास उपाशी असतात. अंगच्या चरबीवर दिवस काढणाऱ्या जनावराला आपल्या हौसेपायी का उठवायचं?

विनीपेगकर: उठवत कुणीच नाही. ड्रायव्हर लांब गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, वाट बघतो. यायचं की नाही ते अस्वल ठरवतं. कितीतरी अस्वलं विलोच्या झुडपात पडून राहतात, ढुंकूनही बघत नाहीत. खायला टाकायला सक्त मनाई आहे, परवाने मोजके, गाड्याही बहुतेक जुन्या लष्करी वाटांवरूनच जातात. स्वालबार्डला लोक बोटीने, स्नोमोबाइलने फिरतात. तिथला नियम इथे जसाच्या तसा कसा लावणार?

उत्तरवारा: ढुंकून बघत नाहीत हे सरसकट खरं नाही. चर्चिललाच झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: गाड्या आल्या की नर जास्त वेळा मान वर करून बघत होते. माद्यांमध्ये तसं दिसलं नाही, हेही मान्य.

रानवाट: गावाचं काय? चर्चिलला रस्ता जात नाही. २०१७ च्या पुरात रेल्वेमार्ग वाहून गेला, गाडी वर्षाहून जास्त काळ बंद होती. बंदराने तर २०१६ मध्येच मान टाकली होती. अशा ठिकाणी अस्वलांचा हंगाम म्हणजे वर्षाचा आधार. गावात शिरलेल्या अस्वलाला गोळी घालण्याऐवजी पकडून कोठडीत ठेवतात, मग लांब सोडतात. अस्वल जिवंत हवं असं गावाला वाटतं, त्यात पर्यटनाचा वाटा मोठा आहे.

सागरगोटा: पश्चिम हडसन उपसागरात २०१६ ला अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ ला ६१८. ती बग्गीने घटवलेली नाहीत. बर्फाचा हंगाम आखडतोय, त्यावर बोला.

उत्तरवारा: बर्फाचं खरंच आहे, पण म्हणूनच उरलेल्यांना कमी त्रास द्यायचा ना? गाड्या बंद करा असं मी म्हणतच नाहीये. एका अस्वलाभोवती दोनच गाड्या, पिल्लं असतील तर सज्जावर कुणी जायचं नाही. एवढ्याने गावाचं नेमकं काय बुडेल, ते विनीपेगकरांनी सांगावं.