बाबांची महाधमनी ५.२ सेंमी : ओपन सर्जरी की स्टेंट?

सोलापुरी_चादर: बाबा ५९ वर्षांचे. दम लागतो म्हणून इको केला. झडप जन्मापासून दोनच पाकळ्यांची, बरीच गळतेय, आणि हृदयातून निघते तिथेच महाधमनी ५.२ सेंमी फुगलीय. सर्जन 'बेंटॉल' नावाचं ओपन ऑपरेशन म्हणतात. आत्या म्हणते छाती कशाला फाडायची, काकांसारखा जांघेतून स्टेंट घाला. काय करावं?

पंपवाला: मी परफ्युजनिस्ट, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा. सर्जन नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच. काकांचा फुगवटा बहुधा खाली उतरणाऱ्या महाधमनीत असणार. तिथे टीव्हार, म्हणजे कापडी आवरणाचा स्टेंट, छान बसतो. बाबांचा अगदी मुळाशी आहे. तिथूनच हृदयाच्या रक्तवाहिन्या निघतात, स्टेंटला पकडायला निरोगी भिंतच उरत नाही. म्हणून ओपन.

नुसता फुगवटा असता तर साधारण ५.५ पर्यंत थांबले असते, घरात कुणाची महाधमनी फाटली असेल तर आधी. पण झडपेचं ऑपरेशन करायचंच असेल तर ४.५ च्या पुढची धमनीही त्याच वेळी बदलतात. बेंटॉलमध्ये झडप आणि मूळ दोन्ही बदलतात, १९६८ पासूनचं ऑपरेशन आहे. झडप वाचवणारी 'डेव्हिड' पद्धतही आहे. पाकळ्या मऊ असतील, त्यांत चुना (कॅल्शियम) साचला नसेल तर विचारा, पण ती वरचेवर करणाऱ्या सर्जनलाच.

मेथीचीभाजी: ताईचं बेंटॉल झालंय, धातूची झडप. रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते, सवय होते. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहायचं. पालेभाज्या बंद नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक. जैविक झडपेला ही गोळी सहसा जन्मभर नाही, पण ती झिजते. ५९ म्हणजे नेमकं अडनिडं वय.

सोलापुरी_चादर: आभार. मी आणि धाकटा भाऊ, आम्हीही तपासायचं का?

पंपवाला: हो, दोघांनी इको करा, बाबांच्या भावंडांनीही. बाबांना जड उचलू देऊ नका, बीपीची गोळी चुकवू नका. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कार्डियाक सर्जरी असलेलं हॉस्पिटल गाठा. आणि सीटी अँजिओची (महाधमनीच्या स्कॅनची) सीडी जपून ठेवा, दुसरा सर्जन आधी तीच मागेल.