निर्वासित स्त्रीच्या ‘होकारा’ला कायदा काय किंमत देतो?

प्रश्न
निर्वासित स्त्रियांच्या लैंगिक शोषणाविषयी वाचताना ‘ती स्वतःच्या मर्जीने गेली होती’ हे वाक्य वारंवार समोर येते आणि दर वेळी मी अस्वस्थ होते. युद्धातून मुलांना घेऊन निसटलेली, कागदपत्रे गमावलेली स्त्री काम मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाबरोबर गेली आणि तिला वेश्याव्यवसायात ढकलले गेले, तर तिच्या त्या होकाराला काही अर्थ उरतो का? छावणीतच कोणी धान्याच्या बदल्यात शरीरसंबंधाची मागणी केली, तर तीही मानवी तस्करीच का?

प्रतिसाद १
मानवी तस्करी रोखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेला पालेर्मो प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार याबाबत स्पष्ट आहे. शोषणाच्या हेतूने एखाद्या व्यक्तीला कामावर घेताना, नेताना किंवा ठेवून घेताना धाक, फसवणूक किंवा तिच्या अगतिकतेचा गैरफायदा यांपैकी काहीही वापरले गेले असेल, तर तिची संमती विचारात घेतली जात नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर हे मार्ग वापरल्याचे सिद्ध करण्याचीही गरज नसते. ‘अगतिकता’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मायदेशी परत पाठवले जाण्याची भीती असलेल्या स्त्रीला कोंडून ठेवावेही लागत नाही.

प्रतिसाद २
छावणीतील प्रकार बहुधा तस्करीच्या व्याख्येत बसणार नाही, पण म्हणून तो सौम्य ठरत नाही. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील छावण्यांविषयीच्या २००२ च्या अहवालातून, मदत वाटणारेच अन्नासाठी मुलींचे शोषण करीत असल्याचे आरोप पुढे आले. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पैसा, नोकरी किंवा मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध ठेवण्यास स्पष्ट मनाई केली. नियम योग्यच आहे. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातात शिधा असेल, तर मुलाबाळांची आई तोंड कशी उघडेल?

प्रतिसाद ३
म्हणूनच काम करण्याचा हक्क मला तक्रारपेटीहून महत्त्वाचा वाटतो. युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये तात्पुरते संरक्षण दिले आणि त्यासोबत राहण्याची व नोकरीची मुभाही मिळाली, त्यामुळे दलालाच्या हातातले मोठे हत्यार बोथट झाले. धोका मात्र टळला नाही: बर्लिनच्या रेल्वेस्थानकावर निवारा देऊ करणाऱ्या अनोळखी पुरुषांपासून जपून राहा, असा इशारा देण्याची वेळ पोलिसांवर आली. बांगलादेशातील रोहिंग्या स्त्रियांना तर छावणीबाहेर रीतसर काम करण्याचीही परवानगी नाही. तिथे नोकरीचे आमिष घेऊन येणाऱ्याशिवाय त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता ठेवला आहे?