ॲड ब्लॉकर कुठला लावायचा? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

माने, ब-३०२: नमस्कार मंडळी. शिंदे काकूंना विचारूनच हे लिहितोय. परवा दुपारी त्यांचा फ्रिज बंद पडला. त्यांनी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर आला त्याला फोन लावला. तो कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस मराठीत गोड बोलला, "दहा रुपये भरून तक्रार नोंदवा" म्हणाला, एक ॲप टाकायला लावलं आणि काकूंना काही कळायच्या आत खात्यातून १८,४०० रुपये गेले. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, कार्ड बंद करून घेतलं. पैशांचं अजून काही कळलेलं नाही.

रात्री मी त्यांचा फोन बघितला. त्या नंबरच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं. म्हणजे ती जाहिरात होती, पैसे भरून वर चढवलेली. काकूंचा चष्मा कपाटावर होता. पण चष्मा असता तरी एवढ्याशा अक्षराकडं कुणाचं लक्ष जातंय? म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगणं, घरातल्या प्रत्येक फोनवर आणि कॉम्प्युटरवर ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारी सोय, लावून घ्या.

पोवार काका, अ-२०१: अरेरे. काकू, काळजी करू नका. काही लागलं तर हाक मारा.

भोसले वहिनी, क-२०४: काकू, दूध-भाजी आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवा. संकोच करू नका.

पोवार काका, अ-२०१: माने, हे ब्लॉकर प्रकरण यूट्यूबच्या वैतागावरचं औषध असं मी समजत होतो. फसवणुकीला त्याचा काय उपयोग?

माने, ब-३०२: काका, मुख्य उपयोग तोच. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना सावध केलं होतं, की सर्चमध्ये कंपन्यांच्या नावानं खोट्या जाहिराती येतात, त्यामुळं काही शोधताना ॲड ब्लॉकर वापरा. तिकडं पोलिसी यंत्रणा हे सांगते, आणि आपण अजून त्याला पोरांची हौस समजतो.

देसाई मॅडम, अ-४०२: मी बरीच वर्षं ॲडब्लॉक प्लस वापरते, लाल अष्टकोनाचं चिन्ह असलेलं. तरी मधूनमधून जाहिराती दिसतातच. बिघडलंय का ते?

माने, ब-३०२: बिघडलेलं नाही मॅडम. २०११ पासून त्यांनी 'स्वीकारार्ह जाहिराती' अशी सोय ठेवली आहे. ठरावीक नियमांत बसणाऱ्या साध्या जाहिराती ते आत सोडतात, आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी त्यांना पैसे देतात. हे त्यांनी लपवलेलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन तिथली टिक काढली की त्याही बंद होतात. पण वॉचमननं पाहुण्यांकडून पैसे घेऊन गेट उघडायचं, हे मला पटत नाही.

मी गेली कितीतरी वर्षं यूब्लॉक ओरिजिन वापरतोय. रेमंड हिल नावाच्या माणसानं २०१४ मध्ये काढलं. फुकट आहे, कोड सगळ्यांना उघडा आहे, आणि हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. काही द्यावंसं वाटलं तर जाहिरातींच्या याद्या राखणाऱ्या लोकांची आठवण ठेवा, म्हणतो. नाव घेताना 'ओरिजिन' शब्द बघूनच घ्या. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं वेगळं आहे, ते दुसऱ्यांच्या हातात गेलं.

भोसले वहिनी, क-२०४: याद्या म्हणजे?

माने, ब-३०२: वहिनी, तुम्ही एखादं पान उघडलं की ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखं साइट बघायचं ॲप, एकट्या त्या पानाला बोलवत नाही. पानात लिहिलेलं असतं, की अमक्या ठिकाणाहून चित्र आणा, तमक्या ठिकाणाहून जाहिरात आणा, तिसऱ्या ठिकाणी ही बाई काय बघते ते कळवा. ब्लॉकरकडं अशा ठिकाणांची यादी असते. ईझीलिस्ट ही त्यातली सगळ्यात जुनी-जाणती, जगभरातली मंडळी ती ताजी ठेवतात. यादीतला पत्ता दिसला की ब्लॉकर मागणीच बाहेर जाऊ देत नाही. जाहिरात उतरतच नाही, त्यामुळं डेटाही वाचतो आणि पान लवकर उघडतं.

सुतार, क-१०२: दादा, माझ्या क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन बंद पडलंय की ओ. "आता सपोर्ट नाही" असं येतंय. परत चालूच होईना झालंय.

माने, ब-३०२: होय रे, ते सगळ्यांचंच गेलं. गुगलच्या क्रोमनं एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या ब्लॉकरसारख्या गोष्टींचे, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात त्याला. २०२४ पासून जुनी एक्स्टेन्शन्स हळूहळू बंद करत आणली आणि २०२५ मध्ये पूर्ण बंद केली. आधी गेटवरचा वॉचमन प्रत्येक गाडी थांबवून स्वतः ठरवायचा. आता त्यानं आधीच यादी लिहून ऑफिसात द्यायची, यादीच्या लांबीलाही मर्यादा, आणि गेट ऑफिसच्या हातात. ज्या कंपनीची कमाई जाहिरातींची, तिच्याच ब्राउझरमध्ये हे व्हावं, याचा मला अजून राग आहे.

तुला क्रोमच हवा असेल तर त्याच माणसाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट टाक. रोजच्या कामाला पुरतं. पण माझं ऐकशील तर फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरवर ये. तिथं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन आजही चालतं. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमध्ये ब्लॉकर आतच असतो, बाहेरून काही टाकायला नको. ज्यांना सेटिंगमध्ये शिरायचं नाही त्यांनी तो घ्यावा.

सुतार, क-१०२: फायरफॉक्स टाकतोय. जुनं ॲडब्लॉकपण ठेवू काय जोडीला? दोन असली तर जास्त अडवतील.

माने, ब-३०२: नको. दोघं एकमेकांच्या पायात येतात, पान अडकतं आणि कुणामुळं अडकलं ते कळत नाही. एकच ठेव. आणि नावावर भाळून काहीही उचलू नकोस. २०१८ मध्ये क्रोमच्या स्टोअरवर पाच बनावट ब्लॉकर सापडले होते, सगळे मिळून दोन कोटींवर लोकांनी घेतलेले. ॲडगार्ड या दुसऱ्या ब्लॉकरवाल्या कंपनीच्या लोकांनी ते उघडकीला आणले, मग गुगलनं काढून टाकले. या वस्तूला तुझं प्रत्येक पान वाचायची परवानगी द्यावी लागते, म्हणून ती कुणी बनवली ते आधी बघायचं. रेमंड हिल हे नाव दिसलं तरच पुढं जा.

जाधव, सेक्रेटरी: आपल्याकडं निम्म्याहून जास्त लोक फक्त मोबाईलवाले आहेत. त्यांचं सांगा.

सुतार, क-१०२: प्रायव्हेट डीएनएस लावायचं. डीएनएस म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, ती जाहिरातींचे पत्ते देतच नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढं सगळ्यात आहे. सेटिंग, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस, आणि तिथं पत्ता टाकायचा: डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम. काही इन्स्टॉल करायला नको. गेममधल्या जाहिरातीसुद्धा जातात.

माने, ब-३०२: सुतार, सोय चांगली आहे, मीपण लावलीय. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, त्यानं काकू वाचल्या नसत्या. डीएनएसला फक्त पत्ता दिसतो, पानातला मजकूर दिसत नाही. गुगलच्या सर्चमधली 'प्रायोजित' ओळ गुगलच्याच पत्त्यावरून येते. ती अडवायची तर गुगलच बंद होईल. यूट्यूबचंही तेच, व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात. ओळ पानावरून पुसायची असेल तर ब्लॉकर ब्राउझरच्या आत बसलेला लागतो.

आता, मोबाईलवरचा क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. म्हणून काल संध्याकाळी काकूंच्या फोनवर असं केलं: प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स टाकला, त्याच्या मेन्यूत एक्स्टेन्शन्समध्ये यूब्लॉक ओरिजिन वरच दिसतं, ते अधिकच्या चिन्हावर दाबून घेतलं. फायरफॉक्स डिफॉल्ट ब्राउझर केला. मग ध्यानात आलं, काकू ब्राउझर उघडतच नाहीत! त्या होम स्क्रीनवरच्या गुगलच्या पट्टीत बोलून शोधतात, आणि ती पट्टी ब्लॉकरला विचारतही नाही. त्यांच्या फोनवर ती काढता आली. त्या जागी फायरफॉक्सची पट्टी ठेवली. घरच्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आधी बघा, नाहीतर बाकीची मेहनत वाया.

शिंदे काकू, ब-१०४: मान्यांनी मला दाखवलं. पांढऱ्या रश्श्याचं एक पान आधी जुन्या ठिकाणी उघडलं. खसखस किती घ्यायची ते वाचायला बोट लावलं तर पान खाली घसरलं आणि बोट कर्जाच्या जाहिरातीवर पडलं. दोनदा असंच. मग तेच पान नवीन ठिकाणी उघडलं, तर नुसती कृती. शांत वाटलं बघा.

माने, ब-३०२: त्या एका पानावर ६३ गोष्टी अडवल्या होत्या. काकूंनी स्वतः आकडा वाचला.

देसाई मॅडम, अ-४०२: आमच्या ह्यांच्याकडं आयफोन आहे.

सुतार, क-१०२: त्यात सफारी या ब्राउझरला कंटेंट ब्लॉकर चालतात मॅडम, २०१५ पासून सोय आहे. ॲप स्टोअरवर यूब्लॉक ओरिजिन लाइट आता मिळतं. ते घ्या आणि सफारीच्या सेटिंगमध्ये चालू करा.

चौगुले, क-३०३: सगळं वाचतोय. माने, तुमची कळकळ समजते. पण माझंही ऐका. आमचा चपलांचा धंदा आहे, दुकान लहान. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक मला ऑनलाइन जाहिरातीवरूनच मिळतं. सगळ्यांनी जाहिराती बंद केल्या तर आमच्यासारख्यांनी करायचं काय? आणि बातम्यांच्या साइटवाली पोरं? ती तर जाहिरातींवरच जगतात.

माने, ब-३०२: चौगुले, रास्त बोललात. याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. मी करतो ते सांगतो. ज्या साइटवर मी रोज जातो, जिथली माणसं खरंच राबून लिहितात, तिथं मी ब्लॉकर बंद ठेवतो. चिन्हावर दाबलं की मोठं निळं पॉवरचं बटण येतं, ते दाबायचं. तेवढ्या एका साइटपुरतं बंद होतं आणि लक्षात राहतं. जिथं वर्गणी आहे तिथं वर्गणी भरतो. पण सर्चच्या वरच्या ओळी मी कुणालाच उघड्या ठेवू देणार नाही, तिथं तुमची जाहिरात आणि त्या चोराची जाहिरात एकाच कपड्यात उभी असते.

चौगुले, क-३०३: ते मात्र खरं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाचा अस्सल माल असल्याचं मानांकन, मिळालं, आणि तरीही 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून रेक्झिनचा माल विकणाऱ्या जाहिराती माझ्या जाहिरातीच्या वर झळकतात. गिऱ्हाईक फसतं आणि परत कुठल्याच कोल्हापुरीवाल्याकडं येत नाही. आमची दुकानाची साइट तुमच्या मोकळ्या यादीत घाला म्हणजे झालं.

माने, ब-३०२: तुमच्या साइटवर जाहिरातीच नाहीत, ती तशीच उघडते. ब्लॉकर काही अडवत नाही.

पोवार काका, अ-२०१: मी लावलं. पण लाइटबिल भरायला गेलो तर पैसे भरायचं पान उघडंना झालंय.

माने, ब-३०२: कधीकधी होतं काका. तेच निळं बटण, त्या साइटवर बंद करा, पान परत लोड करा, बिल भरा. ब्लॉकर काढून टाकू नका.

पोवार काका, अ-२०१: झालं. भरलं बिल. दुसरं एक, "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस" असं वरून सारखं येतंय. ब्लॉकर लावूनही येतंय.

माने, ब-३०२: ती जाहिरात पानातली नाही. कधीतरी कुठल्या साइटनं 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि तुम्ही 'अनुमती द्या' दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी नावं दिसतील, एकेक बंद करा. व्हायरसच्या त्या निरोपावर बोट लावू नका.

भोसले वहिनी, क-२०४: सासूबाई टीव्हीवर यूट्यूबला हरिपाठ लावतात. मध्येच किंचाळत जाहिरात येते, त्या दचकतात. त्याला काय?

सुतार, क-१०२: टीव्हीच्या ॲपला आपला ब्लॉकर लागत नाही वहिनी. लॅपटॉप असला तर फायरफॉक्समध्ये लावून केबलनं टीव्हीला जोडता येईल. मी येतो जोडून द्यायला. यूट्यूब २०२३ पासून ब्लॉकरवाल्यांना अडवायला लागलंय, त्यामुळं कधीमधी व्हिडिओ थांबतो. तेव्हा ब्लॉकरच्या याद्या अपडेट करायच्या.

जाधव, सेक्रेटरी: मग असं करू. रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये टेबल टाकतो. ज्यांना जमत नाही त्यांनी फोन घेऊन यावं. माने आणि सुतार लावून देतील.

माने, ब-३०२: चालेल. येताना एक काम करा, फ्रिज, गॅस, बँक, वीज यांचे नंबर बिलावरून, पासबुकावरून, कार्डाच्या मागून बघून कागदावर लिहून आणा. तेच फोनमध्ये सेव्ह करून देऊ. ब्लॉकर जाहिरात पुसतो, पण जाहिरात नसलेल्या पानावरही खोटा नंबर असू शकतो, तो त्याला ओळखता येत नाही.

शिंदे काकू, ब-१०४: फ्रिजचं वॉरंटी कार्ड सापडलं. नंबर त्याच्यावरच होता. आज माणूस येऊन गेला, फ्रिज चालू झालाय. रविवारी मी येते. माझ्या बहिणीला कळंब्याहून बोलवू का? तिचाही फोन तसाच आहे.

माने, ब-३०२: बोलवा की काकू. चार्जरही आणायला सांगा त्यांना.